किडे परत येतात, पण कोणते?

“सर, पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला पेटवला, रान नांगरलं, तरी पाऊस पडला की किडे हजर! मग बिघडलं कुठं?” मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून कोल्हापुरात ऊसवाला कुणीही भेटला की हा प्रश्न येतोच. करवीर तालुक्यातले माझे मामाही दर दिवाळीला विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

किडे परत येतात, हे खरंच आहे. पण जे गेले तेच परत येतात असं नाही.

एकदा मी दोन पिशव्या भरून आणल्या. एकीत शाहूवाडीकडच्या एका देवराईतला पाचोळा होता. देवराईतलं पानही बाहेर न्यायचं नाही अशी तिथली रीत, म्हणून गुरवांना विचारलं, पाचोळा तिथंच चाळला आणि चाळणीखालचा भुगा तेवढा घेतला. दुसऱ्या पिशवीत मामांच्या रानातली पाचट जाळल्यानंतरची माती. प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून नरसाळी केली, जाळीवर माल पसरला, वर बल्ब लावला. मूळ युक्ती आंतोनियो बर्लेसे या इटालियन कीटकतज्ज्ञाची, 1905 सालची; बल्ब त्यात नंतर आला. वरून ऊब आणि उजेड यायला लागला की आतले जीव ओलीकडे, म्हणजे खाली सरकतात आणि स्पिरिटच्या बाटलीत पडतात.

तीन दिवसांनी देवराईची बाटली भिंगाखाली धरली आणि उठावंसंच वाटेना. टुणटुण उडणारे बारीक स्प्रिंगटेल, नाना आकारांचे माइट (कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव), बिनपंखी भुंगेरे, आणि तांदळाच्या कणीएवढा एक छद्मविंचू: विंचवासारखे आकडे, पण शेपूट नाही. रानाच्या बाटलीत मात्र मुंग्या होत्या, बऱ्याच होत्या, पण साऱ्या एकाच जातीच्या. बाकी थोडे माइट.

आग लागली की सगळं भाजून जातं असं लोकांना वाटतं. माती उष्णता सहज खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वितीभर खोल असलेले जीव बहुतेक वाचतात. त्यांना मारतं ते नंतरचं ऊन. पांघरूण गेलेलं, खाणं जळालेलं, वरची ओल उडालेली. बहुतेक स्प्रिंगटेल ओलसर कातडीतूनच श्वास घेतात. हा जीव मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, काटेकोर शास्त्रात आता त्याला कीटकही म्हणत नाहीत, पण कुजणाऱ्या पाल्यावरची बुरशी चरत तो कुजण्याला गती देतो. कोरड्या मातीत तो तग धरत नाही.

नांगरटीबद्दल मात्र मी सरसकट वाईट बोलणार नाही. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या वर येतात, बगळे-साळुंक्या त्या वेचतात, शेतकऱ्याला त्याचा फायदाच होतो. पण त्याच फाळाने मुंग्यांची वारुळं आणि गोमींचे आसरेही उलथतात. गोमी, कोळी, भुईवरचे शिकारी भुंगेरे हीसुद्धा रानाची राखणच आहे. पंख असलेले, झपाट्याने वाढणारे, मिळेल ते खाणारे जीव पहिल्या पावसात परततात. बिनपंखी आणि सावकाश वाढणाऱ्यांना मात्र चालतच यावं लागतं. बांधावर झाडोरा नसेल तर येणार कुठून? आणि ते पोचायच्या आत पुन्हा काडी लागते.

गेल्या साली मामांनी खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या उसात, एकाआड एक सरीत पाचट तसंच ठेवलं. माझ्या हट्टामुळं म्हणा, पाण्याच्या ओढीमुळं म्हणा. फेब्रुवारीत आम्ही ते उचकलं. खाली ओल होती, पांढऱ्या बुरशीचे धागे होते, आणि मामांच्या नखावरून एक स्प्रिंगटेल टुणकन उडाला. “हा होता व्हय पहिला?” त्यांनी विचारलं. ती माती नरसाळ्यात लावली. मुंग्या दोन जातींच्या निघाल्या, एक गोमही निघाली. छद्मविंचू अजून मिळालेला नाही. यंदा त्याच सरीतली माती पुन्हा आणणार आहे.