हौदाची थंडी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या हौदाचं काम निघतं. बेळगावच्या टिळकवाडीतल्या जुन्या घराच्या परसात जांभ्या चिऱ्यांचा हौद आहे, कमरेइतका खोल. त्यात कुमुदाच्या दोन कुंड्या आणि लाल मासे. मासे किती, ते कधी मोजून झालेलं नाही. आठाच्या पुढं गेलं की गणित पुन्हा पहिल्यापासून.

परवा दुपारी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. पिवळी पडलेली पानं देठापासून खुडली, तळातला गाळ टोपलीनं काढला. गाळाला कुजलेल्या पानांचा वास असतो, नखात तो दोन दिवस राहतो. कडेच्या बदामाची पानं आता लाल होऊन गळतील आणि पाण्यात कुजून माशांच्या वाट्याचा प्राणवायू खातील, म्हणून वरून जाळी ताणली. अख्खा हौद मात्र मी कधी रिकामा करत नाही. जुनं पाणी निम्म्याहून जास्त ठेवायचं, हा माझा हट्ट. राकसकोप धरणाचं नळाला येणारं पाणी आदल्या दिवशीच पिंपात भरून ठेवतो, क्लोरीन उडून जावं म्हणून. बायको म्हणते, "माणसांना पाणी नाही, आणि ह्यांच्या माशांना राखीव पिंप!" खरं आहे की ओ. पण ऐकतंय कोण.

खाणंही आता कमी करायचं. पाणी गार झालं की माशांचं पचन मंदावतं, उरलेलं अन्न तळाशी नासतं. आमच्याकडं थंडी म्हणजे रात्री पारा 12-13 वर, सकाळी मफलर, दहाला मफलर खुंटीवर. तेवढ्यासाठी एवढा थाट!

कॅनडातल्या मावसभावाला फोटो पाठवला तर तो पोट धरून हसला. त्याच्या तळ्यावर बर्फ धरतो. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि मासे तिथं निपचित पडून राहतात. बर्फात एक भोक मात्र ठेवावं लागतं, नाहीतर आतला वायू कोंडतो. हातोडी मारायची नाही, मासे हादरतात. "मग भोक पाडतोस कसं?" "उकळत्या पाण्याचं पातेलं वर ठेवायचं. बर्फ आपसूक वितळतो."

फोन ठेवला, पण ते पातेलं काही डोक्यातून जाईना.

मी दुसरीत होतो. पुसाची थंडी, परसात बंब पेटलेला, धुरानं डोळे चुरचुरायचे. आज्जी मला न्हाऊ घालून आत गेली आणि मी हौदाशी आलो. मासे कोपऱ्यात गप्प, अंग चोरून बसल्यासारखे. माझ्या दातांची अजून कटकट चालू होती. बंबाची तोटी सोडली, तांब्या भरला आणि त्या कोपऱ्यात ओतला. मग आणखी एक. वाफ निघाली, ती मला फार आवडली.

संध्याकाळी तीन मासे उताणे तरंगत होते.

आज्जीनं सुपलीनं काढले, कर्दळीखाली पुरले. म्हणाली, "थंडीनं गेली बघ लेकरं. पुढच्या खेपेला लवकर सोय करायला पाहिजे."

मी हो म्हटलं.