सिंधुदुर्गावर एकच तास मिळतो. आणि मालवणचं बुकिंग तिथी बघून करा

मालवणच्या जेटीवर तिकीट हातात पडेपर्यंत एक गोष्ट कुणी आपणहून बोलत नाही: किल्ल्यावर उतरल्यापासून तासाभरात त्याच होडीनं परत यायचं असतं. होडीचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. त्यासाठी कोल्हापुरातून दीडशेहून जास्त किलोमीटर आणि एक घाट. मग ४८ एकरांचं कुरटे बेट, जवळजवळ तीन किलोमीटरचा तट, आणि वेळ साठ मिनिटं. रंकाळ्याभोवती रोज चालणाऱ्याला हिशेब लगेच कळेल. सपाट फरसबंदीवर तीन किलोमीटरला पाऊण तास लागतो, इथं तर तट जागोजागी ढासळलेला, गवतात दगड लपलेले, चढ-उतार पायऱ्यांचे. एका तासात तटाची पूर्ण फेरी होत नाही, ती डोक्यातून काढून टाका.

यावर उपाय एकच: होडीत पाय ठेवायच्या आधी बोला. 'आम्हाला दोन तास हवेत, पुढच्या होडीनं परत येऊ, चालेल का?' हे खिडकीवर नाही, होडीवाल्याला विचारायचं. सकाळी पहिल्या-दुसऱ्या फेरीला गर्दी नसते, तेव्हा बहुतेक जण हो म्हणतात. रविवारी अकरानंतर विचारून उपयोग नाही. होडीचं नाव आणि नंबर यांचा फोटो काढून ठेवा, कारण परतताना सगळ्या होड्या सारख्याच दिसतात आणि दुसरीत कुणी घेत नाही.

दोन तास नाहीच मिळाले तर तासाची वाटणी अशी करा. दिल्ली दरवाजा दोन बुरुजांच्या आड वळसा घेऊन लपवलाय, समोर जाईपर्यंत दिसत नाही. तिथं पाच मिनिटं. दरवाजावरच्या तटात दोन छोट्या घुमट्या आहेत, त्यात चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे. ते येतानाच बघून घ्या, 'परतताना बघू' म्हणणाऱ्यांचे राहतात. तिथून थेट शिवराजेश्वर मंदिर, म्हणजे शिवाजी महाराजांचंच. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं, पुढचा सभामंडप आपल्या शाहू महाराजांचा. मूर्ती बिनदाढीची, डोक्याला नावाड्यासारखी टोपी. दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर जवळजवळच आहेत, चारी बाजूंना खारं पाणी आणि यांचं गोडं. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं पश्चिमेच्या तटाला द्या. तिथं राणीची वेळा नावाची तटाखालची एवढीशी पुळण आहे, ताराराणी तिथं समुद्रस्नानाला जात असं सांगतात. बहुतेक लोक मंदिरावरूनच मागं फिरतात, त्यामुळं हा भाग रिकामा मिळतो.

गाईड? एका तासात नको. निम्मा वेळ दरवाजातच जातो. दोन तास असतील तर जरूर घ्या, पैसे आधी ठरवून आणि 'किती जणांचे' हेही ठरवून. इतिहासाचं घरूनच वाचून जा: १६६४ मध्ये काम सुरू, तीन वर्षांत पुरं. १७६५ मध्ये इंग्रजांनी घेऊन फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं, मग कोल्हापूरकरांना परत दिला, आणि १८१२ च्या तहात मालवणसकट कोल्हापूरच्या हातून कायमचा गेला.

आता तिथीचं. लोक हॉटेलचा दर बघून तारीख ठरवतात, तिथंच फसतात. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला भरती आणि सहा तासांनी, सव्वापाचच्या सुमाराला, ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. वद्य पक्षातही हाच हिशेब, मोजणी पुन्हा एकपासून. पाव-अर्धा तास मागंपुढं धरा.

हे महत्त्वाचं का, ते देवबागच्या त्सुनामी आयलंडवर कळतं. आयलंड नावालाच. कर्ली नदीच्या मुखातला तो वाळूचा पट्टा, भरतीला पाण्याखाली जातो. पौर्णिमेच्या रविवारी दुपारी बाराला गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून 'आयलंड कुठंय?' विचाराल. आणि पैसे मात्र पूर्ण. अष्टमी ते एकादशी गाठा, तेव्हा भर दुपारी वाळू उघडी असते. हेच भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो. उधाण, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी, नसल्यानं पाणी कमी ढवळतं, स्नॉर्कलिंगला तळ दिसण्याची शक्यता त्याच दिवसांत जास्त. उधाणाला मास्क लावून नुसतं हिरवट पाणी बघायचं.

पाच राईडचं पॅकेज घेऊ नका. बनाना, बंपर, जेटस्की असं मोठं नाव असतं, घड्याळ लावलं तर जेटस्की मिनिटभरात परत किनाऱ्याला लागते. दर विचारताना 'किती रुपये' नंतर विचारा, 'किती मिनिटं' आधी. फोटो-व्हिडिओचे पैसे त्यातच आहेत की वेगळे, हेही पाण्यात उतरायच्या आधी. ओल्या कपड्यांत भांडण करता येत नाही.

सिंधुदुर्गाजवळचा छोटा पद्मगड किल्ला मात्र उधाणाचा. ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं, पण भांगाला पाणी पुरेसं मागं हटत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरायच्या आत परत या. दगड शेवाळलेले असतात, चप्पल नको, पट्ट्याचे सँडल घाला. आधी दांडीवरच्या एखाद्या मच्छीमार काकांना विचारा. ते 'आज नको' म्हणाले तर नकोच.

रस्ता: फुलेवाडी नाका पहाटे साडेचारला सोडा. कळे, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, मग हायवेनं कणकवली, कसाल, तिथून उजवीकडं मालवण. चार तास धरा. करूळ बंद असेल तर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट. निघायच्या आदल्या रात्री चौकशी करा, गगनबावड्यात पोहोचून नाही. निघताना मिसळ खाऊ नका. कट घाटात एकदा आणि होडीत दुसऱ्यांदा आठवण करून देतो.

मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत होड्या बंद. त्या दिवसांत किल्ला जेटीवर उभं राहूनच बघायचा. बाकी तारकर्लीची संध्याकाळ, सुरमईचं ताट वगैरे छानच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. होडीसाठी सुट्टे पैसे ठेवा, आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी. तटावर सावली नाही.