गुरू शिष्याच्या मागून का येतो? फुको, कांगिलेम आणि इंग्रजी सालांचा घोळ

सोलापुरात फ्रेंच तत्त्वज्ञान वाचलं जातं ते इंग्रजीतून, तेही बहुतेक वेळा पीडीएफवर नाहीतर झेरॉक्सवर. त्यात वावगं काही नाही. घोळ होतो तो कोणाचा कोणावर प्रभाव पडला हे ठरवायला बसलं की. इंग्रजी पुस्तकावरचं साल धरून क्रम लावला, तर गुरू हमखास शिष्याच्या मागून येतो.

विज्ञानाच्या इतिहासावर लिहिणारा तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम, त्याचंच बघा. निरोगी कशाला म्हणायचं आणि विकृत कशाला, यावरचा त्याचा वैद्यकीचा प्रबंध १९४३चा. १९६६मध्ये त्यात भर घालून तो पुन्हा निघाला. इंग्रजीत यायला १९७८ उजाडलं, आणि तोही त्याच्या पुढच्या पिढीतल्या तत्त्वज्ञ मिशेल फुकोची प्रस्तावना लावून. तोवर फुकोची पुस्तकं इंग्रजीत येऊन गाजलेली. त्यामुळे कांगिलेम म्हणजे फुकोने शिफारस केलेला कुणीतरी, असा समज होतो. प्रत्यक्षात १९६१मध्ये फुकोने वेडाच्या इतिहासावर जो प्रबंध मांडला, त्यावर अहवाल लिहिणारा कांगिलेमच. फुकोचं १९६३चं ‘क्लिनिकचा जन्म’ निघालं तेही कांगिलेमच्याच ग्रंथमालेत.

सिमोंदों आणि देल्यूझ या फ्रेंच तत्त्वज्ञांच्या बाबतीत तर कहरच आहे. सिमोंदोंच्या प्रबंधाचा पहिला भाग १९६४मध्ये छापला गेला, देल्यूझने १९६६मध्ये त्याचं परीक्षण लिहिलं आणि १९६८च्या ‘भेद आणि पुनरावृत्ती’त तो सरळ वापरला. इंग्रजीत देल्यूझचं हे पुस्तक आलं १९९४मध्ये, सिमोंदोंचा अख्खा प्रबंध २०२०मध्ये. म्हणजे मधली २६ वर्षं इंग्रजी वाचकाने उसनवारी आधी वाचली आणि मूळ नंतर.

उपाय साधा आहे. एक आडवी वही घ्यायची आणि प्रत्येक पुस्तकासाठी पाच रकाने आखायचे: व्याख्यान किंवा प्रबंध कधी झाला, पहिली फ्रेंच आवृत्ती कधीची, सुधारित आवृत्ती कधीची आणि तिच्यात काय बदललं, इंग्रजी भाषांतर कधीचं, आणि ते पूर्ण की संक्षिप्त. चौथा रकाना माहितीपुरता. प्रभावाचा क्रम त्यावरून लावायचा नाही. लोक कंटाळून सोडतात तो तिसरा. खरी मेख मात्र तिथेच असते.

ती कशी, ते फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा आणि फुकोच्या भांडणात दिसतं. ४ मार्च १९६३ला देरिदाने पॅरिसमध्ये फुकोच्या वेडाच्या इतिहासावर व्याख्यान दिलं. पुस्तक जाडजूड, पण त्याने बोट ठेवलं ते सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ देकार्त याच्यावरच्या मोजक्या पानांवर. फुकोचं म्हणणं असं, की देकार्त सगळ्यावर संशय घेऊन खात्रीचं काय उरतं ते शोधताना स्वप्नाचा विचार करतो, पण वेडाला मात्र ‘ते वेडे आहेत’ म्हणून दारातूनच परत पाठवतो. देरिदा म्हणाला, परत पाठवत नाही. स्वप्नाचं उदाहरण वेडापेक्षाही पुढचं आहे, आणि शेवटच्या टोकाच्या संशयात वेडही सामावलेलं आहे. १९६७मध्ये हे व्याख्यान पुस्तकात आलं. आता वाचकाची पंचाईत अशी: १९६४मध्ये फुकोच्या पुस्तकाची संक्षिप्त फ्रेंच आवृत्ती निघाली आणि १९६५चं इंग्रजी भाषांतर मुख्यतः तिच्यावरून झालं. देकार्तवरची ती पानं तिच्यात नाहीत! देरिदाचा लेख १९७८मध्ये इंग्रजीत आल्यावर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवणाऱ्याला देरिदा हवेत तलवार फिरवतोय असंच वाटणार. पूर्ण इंग्रजी भाषांतर २००६चं आहे, तेच वापरावं.

फ्रेंच येणाऱ्यांनाही सुटका नाही. फुकोने उत्तर दिलं ते १९७२च्या नव्या आवृत्तीत. पण त्याच आवृत्तीतून त्याने १९६१ची मूळ प्रस्तावना काढून टाकली, आणि देरिदाच्या टीकेचा मोठा भाग तिच्यावरच होता. म्हणजे एका प्रतीत उत्तर आहे तर आरोपाचा मजकूर गायब. ‘माझं शरीर, हा कागद, ही आग’ हे ते उत्तर. त्यात फुको देकार्तच्या लॅटिन शब्दांपर्यंत उतरतो: ‘इन्सानी’ वैद्यकाचा शब्द, ‘आमेन्तेस’, ‘देमेन्स’ कायद्याचे. माझ्या मते हाही प्रभावच. सहमती शून्य, पण देरिदाने डिवचलं नसतं तर फुको त्या ओळी इतक्या बारकाईने पुन्हा वाचायला बसला असता असं वाटत नाही.

शब्दांवरून माग काढतानाही भाषांतर आडवं येतं. १९६५मध्ये मार्क्सवादी तत्त्वज्ञ अल्थ्यूसर सांगतो की ज्ञानातल्या विच्छेदाची, म्हणजे जुन्या समजुतींपासून विज्ञान वेगळं होण्याची, कल्पना आपण विज्ञानाचा तत्त्वज्ञ बाश्लारकडून घेतली. पण बाश्लारचा नेहमीचा शब्द ‘र्युप्त्यूर’, म्हणजे तुटणं. अल्थ्यूसरचा ‘कुप्यूर’, म्हणजे कापणं. इंग्रजीत दोन्हींचं ‘ब्रेक’ होतं, मराठीत दोन्हींचा ‘विच्छेद’, आणि उसनं घेताना झालेला बदल दिसेनासा होतो. अशा जागी मूळ शब्द देवनागरीत तसाच लिहून ठेवावा.

दोन लेखकांत साम्य दिसलं की लगेच एकाकडून दुसऱ्याकडे प्रभावाचा बाण काढू नये. दोन घरची शेंगाची चटणी सारखी लागली म्हणून एकीने दुसरीकडून शिकली असं होत नाही. दोघींनी एकाच कांडपातून आणलेली असू शकते. फ्रान्समध्ये हे कांडप म्हणजे ‘आग्रेगासियों’ ही शिक्षकभरतीची स्पर्धा परीक्षा. तिच्यासाठी ठरावीक तत्त्वज्ञ नेमलेले असतात, आणि त्या वर्षी परीक्षेला बसणारे सगळे तेच घोटून काढतात. एकोल नॉर्माल या पॅरिसच्या नामांकित संस्थेत ही तयारी करून घेणाऱ्यांत आधी अल्थ्यूसर होता, पुढे देरिदाही आला.

सार्त्र आणि कोझेव ही जोडी अशीच फसवी. कोझेवने १९३३ ते १९३९ पॅरिसमध्ये जर्मन तत्त्वज्ञ हेगेल शिकवला. लाकाँ, बताय, मेर्लो-पोन्ती, केनो असे पुढे नावाजलेले लेखक-विचारवंत त्या वर्गात बसत. सार्त्र तिथे नियमित जात असल्याची नोंद नाही, आणि या व्याख्यानांचं केनोने संपादित केलेलं पुस्तक १९४७चं, म्हणजे सार्त्रच्या १९४३च्या ग्रंथानंतरचं. मग बाण खोडायचा? नाही. हेगेलच्या मालक आणि दास या प्रकरणावरचं कोझेवचं भाष्य जानेवारी १९३९मध्येच ‘मेझ्यूर’ नियतकालिकात छापून आलं होतं, आणि त्याच वर्षी इपोलितच्या हेगेल-भाषांतराचा पहिला खंड निघाला. वाट होती, तीवरून सार्त्र गेला का, हे वेगळं सिद्ध करावं लागेल. तोवर तुटक रेघ.

लेखकाने स्वतः उशिरा दिलेली कबुली जपून घ्यावी. १९८४मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, फुकोने सांगितलं की जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर आपल्यासाठी कायम मूलभूत तत्त्वज्ञ होता, आणि काही लेखक असे असतात ज्यांच्यासोबत विचार करावा पण ज्यांच्यावर लिहू नये. असं म्हटल्यावर तळटीपा शोधून काय मिळणार? वहीत ही नोंद पेन्सिलने करावी, शेजारी १९८४ लिहावं, आणि १९६१च्या पुस्तकावर ती थेट चिकटवू नये.

कांगिलेमच्या इंग्रजी पुस्तकाला फुकोने लिहिलेल्या त्या प्रस्तावनेचे मात्र दोन पाठ उपलब्ध आहेत. फुकोच्या लेखसंग्रहात १९७८चा पाठ २१९ क्रमांकावर, आणि त्याने शेवटी दुरुस्त केलेला ३६१वर. अनुभवाचं तत्त्वज्ञान एकीकडे, संकल्पनेचं दुसरीकडे, ही त्याची प्रसिद्ध वाटणी दोन्हींत आहे. अवतरण देताना कोणता क्रमांक ते लिहायला विसरू नका.