जाहिरात आधीची, ऑर्डर नंतरची: जुनी पेन्शन मिळवताना आलेला माझा अनुभव

आमच्या बॅचचं दुखणं असं की लिपिक पदाची जाहिरात निघाली २००५ च्या उन्हाळ्यात, परीक्षा झाली, निवड यादी लागली, मग ती यादी फायलीत पडून राहिली आणि ऑर्डर हातात पडली २००६ मध्ये. मधल्या मधे १ नोव्हेंबर २००५ येऊन गेला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो राज्य सरकारच्या सेवेत आला त्याला जुनी पेन्शन नाही, विषय संपला. उशीर केला कार्यालयाने आणि पेन्शन गेली आमची.

१४ मार्च २०२३ ला राज्यभर संप सुरू झाला तेव्हा मीही गेटवर होतो, "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडून घसा बसला होता. लोकांच्या शिव्याही खाल्ल्या. दहावी बारावीच्या परीक्षा चालू, दवाखान्यात माणसं ताटकळलेली, एक आजोबा सरळ म्हणाले की भाऊसाहेब, आम्हाला कोण देतंय पेन्शन? यावर काय बोलणार, त्यांचं खोटं नव्हतं. २० मार्चला तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे यांच्याशी चर्चा होऊन कर्मचारी संघटनांच्या समन्वय समितीने संप मागे घेतला आणि हातात काय तर अभ्यास समिती. निम्मे लोक संघटनेवरच भडकले, फसवलं म्हणाले, वर्गणी बंद करतो म्हणाले. मला तसं वाटलं नाही कारण त्याच महिन्यात सेवेत असताना वारलेल्या एनपीएसवाल्यांच्या (म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवल्या जाणाऱ्या नव्या पेन्शन योजनेतल्यांच्या) घरच्यांना कुटुंब निवृत्तीवेतन द्यायचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला, ही गोष्ट लोक लगेच विसरतात.

आमच्या संघटनेचे अण्णा मात्र वेगळाच हिशोब मांडत बसले होते. केंद्राने ३ मार्च २०२३ ला आदेश काढला होता की ज्यांच्या पदाची जाहिरात २२ डिसेंबर २००३ च्या, म्हणजे केंद्राने एनपीएस जाहीर केली त्या दिवसाच्या, आधीची आहे त्यांना जुन्या पेन्शनचा विकल्प देता येईल, म्हणजे ती निवडता येईल. अण्णा म्हणाले, सगळ्यांचं भांडण चालू ठेवायचंच पण तुमची केस सगळ्यात पक्की आहे, आधी कागद गोळा करा. आम्ही हसलो, अजून काही ठरलं नाही आणि कागद कसले. पण त्यांनी प्रत्येकाकडून जाहिरातीचा दिनांक, ऑर्डर, रुजू अहवाल असं सगळं लिहून घेतलं, निवेदनं वर पाठवली, मंत्रालयात चकरा मारल्या. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय झाला की १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची जाहिरात असलेल्यांनाही असाच विकल्प द्यायचा, २ फेब्रुवारीला जीआर आला आणि विकल्प द्यायला सहा महिने मुदत.

खरा ताप इथून पुढे. जाहिरातीची प्रत लागते, आणि कार्यालयात ती फाईलच सापडेना. आस्थापना शाखेतले म्हणाले रेकॉर्ड रूम बदलली तेव्हा गेली असेल, तुम्हीच आणा. म्हणजे भरती यांनी केली आणि पुरावा मी द्यायचा! शेवटी जिल्हा ग्रंथालयात जुन्या पेपरांचे गठ्ठे चाळले, धुळीने शिंका येऊन जीव नकोसा झाला, पण जाहिरात मिळाली. तिच्यावर ग्रंथालयाचा शिक्का घेतला, सोबत निवड यादी, नेमणूक आदेश आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स लावली. अर्ज आवकला टाकून पोच घेतली, पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही हे अण्णांनी बजावलं होतं.

विकल्प एकदा दिला की अंतिम, बदलता येत नाही, म्हणून घरी बरीच चर्चा झाली. भावाचं म्हणणं, एनपीएसमध्ये पगाराच्या सरकारचे १४ टक्के आणि तुझे १० टक्के जाऊन इतकी वर्षं वाढलेत, ते कशाला सोडतोस? जुन्या योजनेत गेलं की आपला हिस्सा जीपीएफला (भविष्य निर्वाह निधीत) येतो पण सरकारचा हिस्सा सरकारकडे परत जातो, हे खरंच. पण एनपीएसमध्ये निवृत्तीला जमलेल्या रकमेच्या किमान ४० टक्क्यांची अॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारी पेन्शन, घ्यावी लागते आणि तिच्यावर महागाई भत्ता नाही. जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं अधिक महागाई भत्ता. ऐंशीव्या वर्षी बाजार कुठे असेल ते बघत बसायची माझी तयारी नाही, मी सही केली.

मंजुरी आली, सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत एनपीएसची कपात थांबली, जीपीएफ नंबर मिळाला.

माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मॅडमची जाहिरात २००६ ची. काम तेच, साहेबांची बोलणीही तीच, पण त्या या जीआरमध्ये बसत नाहीत. १ मार्च २०२४ ला विधानसभेत एनपीएसवाल्यांसाठी सुधारित योजनेची घोषणा झाली, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के अधिक महागाई भत्ता, तरी मॅडमना ते जुनीसारखं वाटत नाही आणि मलाही नाही. त्यामुळे माझं काम झालं तरी वर्गणी चालू आहे, मोर्चालाही जातो. काही जण विकल्प मंजूर झाल्यावर ग्रुपमधून बाहेर पडले, त्यांच्याबद्दल बोललो तर भांडण होईल.

अजून एक राहिलंय, माझा एनपीएसमधला हिस्सा जीपीएफला वर्ग झालेला नाही. डीडीओ (आमच्या कार्यालयाची पगारबिलं काढणारे अधिकारी) म्हणतात कोषागाराकडे आहे, कोषागार म्हणतं डीडीओने प्रस्ताव नीट पाठवला नाही. सोमवारी अण्णांना घेऊन दोन्हीकडे जाणार आहे.