सहाव्या वर्षी आलेली दाढ साठीनंतरही कशी टिकवायची

मूल सहा वर्षांचं होत आलं की शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ वर येते. वर दोन, खाली दोन, अशा चार. त्या येताना एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे ती काळी पडली तरी 'दुधाचीच आहे, पडेल' म्हणून सोडून दिली जाते. पण ही दाढ पडणारी नाही, कायमची आहे. चावण्याचा मोठा भार पुढची पन्नास-साठ वर्षं तिच्यावरच असतो, आणि कायमच्या दातांमध्ये सगळ्यात आधी किडणारी, सगळ्यात आधी काढली जाणारीही बहुधा हीच. साठीनंतर ताटात कळण्याची भाकरी राहणार की दुधात कुस्करलेला टोस्ट, हे पुष्कळदा या चार दाढांवर ठरतं.

दाढ वर येत असताना तिचा माथा शेजारच्या दाढेपेक्षा खाली असतो. ब्रश सरळ फिरवला तर केस तिच्यावरून निघून जातात, तिला लागतच नाहीत. म्हणून ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून ती दाढ वेगळी घासावी लागते. हे काम सहा वर्षांच्या मुलाला जमत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचं ब्रशिंग आई-वडिलांनीच करावं. पेस्ट फ्लोराइडची, 1000 पीपीएम असं नळीवर लिहिलेली, वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायला सांगा, पण खळखळून चूळ भरू देऊ नका. फ्लोराइडचा पातळ थर दातावर राहिला तरच त्याचा उपयोग.

या दाढेच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत शिरत नाही. कीड तिथूनच आत घुसते. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आणि आत पोकळ, गुलाबी बोंडअळी लागलेल्या बोंडासारखं. यावर सीलंट नावाचा सोपा उपाय आहे. दाढ पूर्ण वर आली की खाचा स्वच्छ करून त्यात पातळ राळ भरतात. सुई नाही, कोरणं नाही, एका दाढेला काही मिनिटं लागतात. हिरडी अजून दाढेवर थोडी चढलेली असेल आणि जागा कोरडी राहत नसेल, तर आधी ग्लास आयनोमर सिमेंट लावतात, ते ओलावा थोडा सहन करतं. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक दातही तपासतं. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नका.

किडीचं गणित साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली यावर चालतं. गोड तोंडात गेलं की जंतू त्याचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (आम्लाचं माप, जितका खाली तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरातून, कॅल्शियम निघायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला 20 ते 40 मिनिटं लागतात. शेतात, दुकानात, ऑफिसात दिवसभर कट-कट गोड चहा चालू असेल तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. त्यात आपल्या खानदेशातला एप्रिल-मे. पारा 44-45 वर, तोंड कोरडं, लाळ कमी, आणि तहान भागवायला कोल्ड्रिंक नाहीतर उसाचा रस. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. गोड काय घ्यायचं ते जेवणासोबत घ्या. मधल्या वेळेला साधं पाणी किंवा बिनसाखरेचं ताक घ्या.

कीड इनॅमलमध्ये असेतो दुखत नाही. आतल्या थरापर्यंत गेली की गार पाणी झिणझिणतं आणि काही सेकंदांत थांबतं. फिलिंगची खरी वेळ ही. गारानंतरची कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळते, रात्री आपोआप ठणका लागतो, गरम चहाने वाढतो, म्हणजे नस सुजली आहे. मग एक दिवस दुखणं एकदम थांबतं. इथे माणूस फसतो. लवंगेचं तेल लागू पडलं असं वाटतं, पण नस मेलेली असते आणि मुळाच्या टोकाशी पू साठायला लागलेला असतो. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज चार दिवस उतरते, पण मेलेल्या नसेत रक्तच फिरत नसल्याने औषध आत पोचत नाही. काही आठवड्यांनी तीच सूज परत. दुखऱ्या दाढेशी गालात दुखण्यावरची गोळी दाबून ठेवण्याने तर कातडी भाजून पांढरी पडते. गोळी गिळायची असते.

'कापसाची वेचणी आटोपली की दाखवू' म्हणेपर्यंत फिलिंगचं काम रूट कॅनलवर, म्हणजे नस काढून मुळांतल्या तिच्या नळ्या साफ करून भरण्यावर, गेलेलं असतं.

फिलिंग टिकणं-न टिकणं मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून असतं: काम करताना दाढ कोरडी राहिली का. दाताच्या रंगाचं कंपोझिट भरताना आधी किडलेला मऊ भाग काढतात, मग 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाचं जेल सुमारे 15 सेकंद लावून धुतात. त्याने पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं पडतात, बाँडिंगचं द्रव त्यात उतरतं आणि निळ्या प्रकाशाने घट्ट होतं. या टप्प्यावर लाळेचा एक थेंब लागला तरी पकड सुटते. म्हणून कापसाच्या गुंडाळ्या, थुंकी ओढणारी नळी, शक्य असेल तर रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती ताणून बसवलेला रबराचा पडदा. पुढे कंपोझिट 2 मिलिमीटरपेक्षा जाड नसलेल्या थरांनी भरून प्रत्येक थर सुमारे 20 सेकंद पक्का करतात. एकदम भरलं तर तळ कच्चा राहतो आणि आकसताना कडेला फट पडते, तिथून पुन्हा कीड.

दोन दाढांच्या मधल्या फिलिंगला आणखी एक काळजी. तिथे पातळ पत्र्याची पट्टी आणि पाचर लावून शेजारच्या दाढेशी स्पर्श बरोबर जुळवावा लागतो. तो सैल राहिला तर मेथीचे धागे, मटणाचे तंतू रोज तिथेच अडकतात, हिरडी सुजते, आणि माणूस सेफ्टीपिनने टोकरत बसतो. घरी गेल्यावर दोऱ्याने तपासा: फ्लॉस जरा अडून 'टक्' करत आत जायला हवा. सरकन गेला किंवा फाटून आला तर परत दाखवा. तसंच, भूल असताना चावा नीट कळत नाही. दुसऱ्या दिवशी फिलिंग आधी लागत असेल, चावताना कळ येत असेल, तर सवय होईल म्हणून थांबू नका. रंगीत कागद चावून उंच जागा घासायला पाच मिनिटं लागतात. गाराची थोडी झिणझिण मात्र आठवडा-दोन आठवडे राहू शकते.

रूट कॅनलबद्दल लोकांच्या मनात भीती वेदनेची असते. खरी चूक नंतर होते. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी अगदी बारीक आणि लपलेली असते. ती सुटली तर दाढ पुन्हा दुखते. म्हणून काम संपल्यावरचा एक्स-रे मागून घ्या, भरलेलं मुळाच्या टोकाच्या जवळपर्यंत गेलंय का ते डॉक्टरांकडून समजून घ्या आणि फाइलला लावून ठेवा. आणि मग कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण. दुखणं गेलं, पैसे संपले, कॅप राहिली, असं फार होतं. आतून पोखरलेली दाढ शेंगदाण्याच्या किंवा सुपारीच्या एका चाव्याला उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की ती काढण्यावाचून इलाज नसतो. दाढेच्या कामाला साधी धातूची कॅपही चांगली चालते. दिसण्यासाठी जास्त पैसे घालणं ही निवड आहे, गरज नाही.

आता 'डॉक्टर, काढीच टाका' याबद्दल. काही दाढा काढाव्याच लागतात. पण वाचण्यासारखी दाढ काढली तर मागची दाढ हळूहळू पुढे कलते, समोरची रिकाम्या जागेत उतरते, त्या फटींत अन्न अडकून शेजारचे दात किडतात. माणूस एकाच बाजूने चावायला लागतो. दोन्हीकडच्या गेल्या की ताट बदलतं. आधी शेंगदाणे जातात, मग काकडी, मुळा, कांदा, मटकी, मटण, शेवटी भाकरी. त्यांच्या जागी चहात बुडवलेली खारी, बिस्किटं, मऊ भात, साबुदाणा येतो. तंतू आणि प्रथिनं घटली, मैदा आणि साखर वाढली. शुगरच्या माणसाला हे ताट थेट बाधतं.

शुगर आणि हिरडी यांचं नातं दुतर्फा आहे. साखर जास्त असेल तर हिरड्यांचा संसर्ग बळावतो, आणि हिरड्यांतली सततची सूज इन्सुलिनचं काम अवघड करते. हिरड्यांच्या आजारावर मुळापर्यंत नीट सफाई केली तर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी सुमारे 0.4 टक्के अंकांनी उतरतो, असं एकत्रित अभ्यासांत दिसलं आहे. ही सफाई गोळीच्या जागी नाही, गोळीसोबत. 'सफाईने दात हलायला लागले' ही तक्रार नेहमीची. दात आधीच हललेले असतात, साचून दगड झालेल्या किटणाने त्यांना जखडून ठेवलेलं असतं.

हिरडीतून रक्त येत नाही म्हणजे ती चांगली, असं मशेरी लावणाऱ्या बाईने समजू नये. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणं थांबतं आणि आजार आत चालूच राहतो. हिरड्या घट्ट झाल्यासारखं वाटतं ते यामुळे. गुटखा, सुपारी खाणाऱ्यांनी आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहावं. दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, तर आजच दाखवा.

दवाखान्यात गेल्यावर न विचारता सांगायच्या गोष्टी: हृदयाची झडप बदलली असेल तर ते, कारण काही उपचारांआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो; रक्त पातळ करणारी गोळी, जी स्वतःहून बंद करायची नाही; हाडं ठिसूळ झाल्यावर घेतलेली इंजेक्शनं; गरोदरपण, त्यात चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा. शुगरच्या माणसाने उपाशी जाऊ नये, नेहमीचा नाश्ता आणि गोळी घेऊन सकाळची वेळ घ्यावी. आणि जबड्याखाली सूज पसरली, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, थुंकी गिळता येत नाही, असं झालं तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाहेरून शेक किंवा लेप लावू नका.

पैशाची अडचण असेल तर दाढ काढणं आणि साधं फिलिंग यासाठी सरकारी रुग्णालय आहे. रूट कॅनल, कॅप, कवळी यांसाठी धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी वेळ आणि फेऱ्या जास्त लागतात, पण शिकाऊ डॉक्टरांचं काम पायरीपायरीला शिक्षक तपासतात.

दाढ गेलीच असेल तर जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवू नका. ब्रिजसाठी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकवलेल्या पक्क्या दातासाठी, शेजारचे दोन दात घासावे लागतात. ते आधीच भरलेले असतील तर हरकत नाही, धडधाकट असतील तर विचार करावा. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात; एचबीए1सी 8 च्या वर असेल किंवा तंबाखू चालू असेल तर तो सुटण्याचा धोका वाढतो. काढघालीची कवळी सगळ्यात स्वस्त, पण तिची निगा हवी. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात नाही, ती वाकडी होते. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवायची. पेस्टने ओरखडे पडतात. नवी असताना पहिले काही दिवस मऊ खा, घास छोटा घ्या, दोन्ही बाजूंनी चावा, मग भाकरीकडे वळा. टोचत असेल तर घरी चाकूने तासू नका, डॉक्टरांकडून घासून घ्या. कवळी काढून ठेवल्यावरही दोन आठवड्यांत न भरलेला चट्टा तपासून घ्या. हाड झिजत जातं, म्हणून काही वर्षांनी सैल झालेल्या कवळीला आतून नवा थर द्यावा लागतो. त्यासाठी नवी करायची गरज नसते.