आमची वाटचाल: फाईल चढवण्यापासून मुदती सांभाळण्यापर्यंत

वकिलांच्या कार्यालयांत प्रॅक्टिस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, म्हणजे प्रकरणं, कागदपत्रं, तारखा आणि बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देणं हा आमच्या छोट्या फर्मचा व्यवसाय. सॉफ्टवेअर आम्ही बनवत नाही. 2008 साली क्लिओ हे असंच एक सॉफ्टवेअर सुरू झालं, पुढे ब्राउझरमध्ये चालणारी अशी बरीच सॉफ्टवेअर्स आली. कार्यालयाने त्यातलं एखादं निवडलं की ते तिथे रुळवायचं काम आमच्याकडे येतं.

सुरुवातीला आम्ही फक्त माहिती चढवून द्यायचो. अशिलांची नावं, जुनी कागदपत्रं, येणं बाकी, सगळं जागेवर. पण त्याने कार्यालयाचा दिवस फारसा बदलत नसे. मसुदा तयार असायचा आणि ज्येष्ठ वकिलांच्या नजरेखालून जायचा राहिलेला असायचा. सही झालेलं करारपत्र मेलमध्ये पडून, आणि फाईल अजून उघडलेली नाही. पुढचं काम कोणाचं, हे एखाद्या अनुभवी कारकुनाच्या डोक्यात असे. ते रजेवर गेले की सगळं अडायचं. म्हणून आम्ही ऑटोमेशनकडे वळलो, आणि आज तेच आमचं मुख्य काम आहे.

याचा गाभा साधा आहे. काहीतरी घडतं, अट तपासली जाते, पुढचं काम आपोआप तयार होतं. प्रकरण ‘चौकशी’च्या टप्प्यातून ‘स्वीकारलं’ या टप्प्यात गेलं की फोल्डर तयार व्हावेत, करारपत्राच्या साच्यात नाव-पत्ता भरला जावा, ठरलेली कामं संबंधितांच्या यादीत दिसावीत. मात्र या दोन टप्प्यांच्या मध्ये आम्ही एक फाटक ठेवतोच: हितसंबंधांची तपासणी, म्हणजे नवं काम आपल्याच एखाद्या अशिलाच्या विरोधात तर जात नाही ना हे पाहणं. नवा अशील आणि त्याचा प्रतिपक्ष, दोघांची नावं जुन्या नोंदींशी ताडून पाहायची. नाव बदललेलं असतं, कंपनीचं जुनं नाव वेगळं असतं, स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. मिळतीजुळती नावं सॉफ्टवेअर समोर आणतं. प्रकरण घ्यायचं की नाही हे वकीलच ठरवतात. त्यांची नोंद झाल्याशिवाय पुढचा टप्पा उघडत नाही.

सर्वांत जास्त वेळ आम्ही मुदतींवर घालवतो, आणि घालवायलाच हवा. एक मुदत हुकली तर अशिलाचा हक्कच जाऊ शकतो. लेखी उत्तराची मुदत नोटीस निघाल्यापासून मोजायची की हाती पडल्यापासून? पहिला दिवस धरायचा की सोडायचा? शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर? ही उत्तरं त्या त्या न्यायालयाच्या नियमांत असतात, म्हणून ती वकिलांकडून लेखी घेतल्याशिवाय आम्ही सॉफ्टवेअरमधला एकही नियम चालू करत नाही. न्यायालयाच्या सुट्ट्यांचं कॅलेंडरही दरवर्षी नव्याने भरावं लागतं. मग मूळ तारीख ही खुंटी, आणि मसुदा, तपासणी, अशिलाची सही, दाखल करणं या सगळ्या तारखा तिला टांगलेल्या. सुनावणी पुढे गेली की टांगलेल्या तारखाही सरकतात. पण सगळ्याच सरकू द्यायच्या नसतात. पूर्ण झालेल्या कामाची तारीख तशीच राहिली पाहिजे, आणि कायद्याने ठरलेली मुदत सुनावणी लांबली म्हणून लांबत नाही. हा फरक सेटिंगमध्ये उतरवणं, यालाच मी आमचं खरं कौशल्य मानतो.

काम व्यक्तीच्या नावावर लावण्याऐवजी भूमिकेवर लावायचं, हाही आमचा आग्रह. ‘जबाबदार वकील’, ‘सहायक’ असं लिहिलं की कोणी नोकरी सोडली तरी कामं अनाथ होत नाहीत. मुदत जवळ आली आणि काम तसंच असेल तर आठवण त्या व्यक्तीबरोबर वरिष्ठांनाही जाते. उठसूट आठवणी मात्र लावू नयेत. लोक त्या न वाचताच पुसू लागतात.

बिलांचं काम त्यामानाने सोपं. नोंदवलेल्या तासांवरून कच्चं बिल तयार होतं आणि वकील ते मंजूर करतात. कार्यालयाबाहेर जाणारं काहीही, बिल असो की पत्र, माणसाने पाहिल्याशिवाय जाऊ नये यावर आम्ही ठाम आहोत. अशिलाची माहिती चुकीच्या पत्त्यावर गेली तर ती परत घेता येत नाही. काही कार्यालयांना हे जास्तीचं पाऊल वाटतं, तरी आम्ही ते काढत नाही.

चालू करण्याआधी प्रत्येक नियम बनावट प्रकरणावर चालवतो, मग निकाली निघालेल्या एखाद्या फाईलच्या तारखा घालून पाहतो: प्रत्यक्षात जे घडलं तेच सॉफ्टवेअर सांगतंय का? दोन नियम एकमेकांना चालना देत फिरत राहतात तेही इथेच सापडतं.

आता आम्ही प्रत्येक कार्यालयासाठी नियमांची वही ठेवतो. कोणता नियम कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, शेवटचा कधी तपासला. न्यायालयाने नियम बदलला की वही उघडायची, त्यावर अवलंबून असलेल्या ओळी शोधायच्या आणि वकिलांच्या सहीने बदलायच्या. नव्या कार्यालयात हल्ली आम्ही ही वही सॉफ्टवेअरच्या आधीच सुरू करतो.