उलट चिकटवलेले सेंट्रल पार्क

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची एकोणिसाव्या शतकातील स्टिरिओ कार्डे, म्हणजे एकाच दृश्याची किंचित वेगळी दोन छायाचित्रे शेजारी चिकटवलेली कार्डे, तपासून त्यांच्या नोंदी करणे हे माझे काम आहे. त्यांतले पार्कमधल्या तळ्याकाठच्या बेथेस्डा टेरेस या कारंजे असलेल्या दगडी चौकाचे एक कार्ड मात्र अजून डोक्यातून जात नाही.

जुन्या नोंदीत त्याचे साल ‘अंदाजे १८८०’ असे होते. पूर्वी स्कॅन करणाऱ्यांनी दोन्ही चित्रे सारखीच समजून फक्त डावे घेतले होते आणि मागची बाजू उलटून पाहिलीही नव्हती. सुमारे अडीच इंच अंतरावरच्या दोन भिंगांनी टिपलेला बारीक फरक हेच ज्या छायाचित्राचे सर्वस्व, त्याचा अर्धा भाग टाकून देणे मला अक्षम्य वाटते. मागे महसुली तिकीट होते, विक्रेत्याने शाईने आद्याक्षरे लिहून रद्द केलेले. यादवी युद्धाच्या खर्चासाठी छायाचित्रांवर बसवलेला हा कर सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता. म्हणजे कार्ड तेव्हा विकले गेले आणि छायाचित्र त्यानंतरचे असूच शकत नाही. कारंज्यावर शिल्पकार एमा स्टेबिन्स यांचा देवदूताचा पुतळा नाही, हेही जुळते, कारण त्याचे अनावरण १८७३ मध्ये झाले.

दोन्ही चित्रे एकत्र करून खोली दाखवणाऱ्या स्टिरिओस्कोप या भिंगांच्या उपकरणात कार्ड लावले, तर मागचे तळे पुढे आले आणि जवळचा कठडा त्याच्यामागे खचला. मी पट्टी घेतली. नीट चिकटवलेल्या कार्डावर जवळच्या वस्तूच्या दोन प्रतिमांतले अंतर दूरच्या वस्तूच्या प्रतिमांतल्या अंतरापेक्षा कमी भरते. इथे कठड्याच्या खांबाचे अंतर पलीकडच्या झाडांपेक्षा तीन मिलिमीटरने जास्त भरले. कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र उलटे पडते, त्यामुळे निगेटिव्ह सुलट केली की डावे चित्र उजवीकडे जाते. म्हणून छाप कापून दोन्ही भागांची अदलाबदल करूनच ते पुठ्ठ्यावर चिकटवावे लागतात. इथे ती अदलाबदल राहून गेली होती.

आता संकेतस्थळावर काय दाखवावे? सहकाऱ्याचे म्हणणे, भाग बदलून दाखवावेत. पार्कचे रचनाकार ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी टेरेसवरून तळ्यापलीकडच्या रॅम्बलच्या झाडीपर्यंत नजर जावी अशी रचना केली, आणि तीच खोली दाखवायला हे कार्ड विकले गेले, हा त्याचा मुद्दा मला पटतो. तरीही ग्राहकाच्या हातात पडले ते हे उलटे कार्डच, आणि तो पुरावा पुसण्याचा अधिकार आम्हाला नाही. तूर्त मूळ मांडणी मुख्य चित्र म्हणून ठेवली आहे आणि बदललेली प्रत सोबत जोडली आहे. कोणती आधी दिसावी, यावर आमचे एकमत झालेले नाही.